मी आपलं मलाच

पोस्टातल्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रबर बँड लावलेली पासबुकं. खिडकीशी नंबर आला आणि त्यांना आधार कार्डाची झेरॉक्स सापडेना. पिशवी उपसता उपसता त्या बोलायला लागल्या, "सकाळीच काढून ठेवली होतीस ना टेबलावर? मग उचलायला काय झालं होतं? कध्धी म्हणून लक्ष नसतं तुझं!" आवाज चांगला खणखणीत. मी इकडेतिकडे पाहिलं. सोबत मुलगी नव्हती, सून नव्हती, फोनही कानाला नव्हता. माझं बघणं लक्षात आलं तशा त्या ओशाळून हसल्या. "तुम्हाला नाही हो," म्हणाल्या, "मी आपलं मलाच." झेरॉक्स पासबुकाच्या कव्हरातच निघाली. खिडकीमागच्या माणसाने शिक्का मारला, बाई निघून गेल्या आणि मी पुढे सरकले.

त्यांचे ते शब्द मात्र डोक्यातून जाईनात. 'मी' म्हणजे रागावणारी, 'मला' म्हणजे बोलणी खाणारी, आणि दोघींच्या मधे ते 'आपलं', काहीही न सांगता सगळं सांभाळून घेणारं. 'मी आपली गप्प बसले', 'आम्ही आपले निघालो' यातला हा 'आपला' मला फार आवडतो. त्याला अर्थ विचारला तर तो अंग चोरतो, पण काढून टाकला तर वाक्य उर्मट होतं. आणि मुख्य म्हणजे त्या 'कध्धी म्हणून लक्ष नसतं तुझं'मधला आवाज कुणाचा होता? तो त्यांच्या आईचा असावा, किंवा सासूचा. इतक्या वर्षांनी पोस्टाच्या रांगेत तो त्यांच्याच तोंडून बाहेर आला होता आणि त्यांनी तो निमूटपणे ऐकूनही घेतला होता.

हे एवढं लागलं, कारण त्याच आठवड्यात मी नेमकी या विषयाशी झटापट करत होते. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी प्राचीन ग्रीक शिकते आहे. 'कशाला?' या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. संध्याकाळी ऑनलाइन वर्ग असतो, आमचे सर कंटाळलेल्या आवाजात तक्ते वाचून दाखवतात आणि आम्ही ते पाठ करतो. त्या आठवड्याचा तक्ता आत्मवाचक सर्वनामांचा होता. एमाउतोन म्हणजे मला स्वतःला, सेआउतोन म्हणजे तुला स्वतःला, हेआउतोन म्हणजे त्याला स्वतःला. द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, सगळं जागच्या जागी. फक्त वरची ओळ कोरी. या सर्वनामाला प्रथमा विभक्तीच नाही. एकाने विचारलं, तर सर म्हणाले, "गरजच नाही. पुढचा तक्ता घ्या."

गरज नाही हे खरंच आहे. क्रिया कर्त्यापासून निघून कर्त्याकडे परत येते तेव्हा हा शब्द लागतो, मग तो आधीच कर्त्याच्या जागी जाऊन कसा बसेल? पण कोऱ्या जागेकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. शाळेत मराठी व्याकरणात याच्यासारखाच एक नियम होता, पुरुषवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभी येऊ शकतं, आत्मवाचक 'आपण' येत नाही. 'तो आपणहून आला' चालतं, पण हे 'आपण' पुढे आणून बसवता येत नाही. ग्रीकांचं 'स्वतः' कर्ता होऊ शकत नाही आणि आपलं 'आपण' पहिल्या खुर्चीत बसू शकत नाही. (वर्तमानपत्रं हा नियम रोज मोडतात. 'आपण निर्दोष असल्याचे आरोपीने न्यायालयात सांगितले.' वाक्य 'आपण'ने सुरू होतं, आणि आरोपी शेवटी उगवेपर्यंत वाचणारा क्षणभर स्वतःच पिंजऱ्यात उभा राहतो.)

गंमत म्हणजे आरोपीचं हे 'आपण' ग्रीकमध्ये जसंच्या तसं आहे. हेआउतोन जवळच्या कर्त्याकडे पाहतं. पण एखाद्याचं म्हणणं, त्याचा विचार सांगणाऱ्या पोटवाक्यातून मुख्य वाक्यातल्या कर्त्याकडे वळून पाहायचं असेल तर एक वेगळं, इवलंसं सर्वनाम असतं, होइ. ग्रीक इतिहासकार झेनोफोन एका शहराचं वर्णन करताना जाता जाता सांगतो की अपोलो देवाने बासरीवाल्या मार्सियासला इथे हरवलं आणि त्याची कातडी सोलून गुहेत टांगली. मार्सियास 'आपल्याशी' संगीतात स्पर्धा करत होता, म्हणून. यातलं 'आपल्याशी' म्हणजे होइ, म्हणजे अपोलोशी. कातडी मार्सियासची गेली, पण वाक्यातलं 'आपण' देवाच्या मालकीचं राहिलं. गोष्ट कुणाच्या डोळ्यांतून सांगितली जाते आहे ते या दोन अक्षरांवरून कळतं, आणि मार्सियासच्या डोळ्यांतून ती नाही एवढं नक्की.

मग आमच्या वर्गात आला तो अर्धचंद्र. हेआउतोन बोलताना आखडून हाउतोन व्हायचं. आणि 'त्याला' यासाठी साधा शब्द आउतोन. दोन्हींत फरक फक्त पहिल्या 'ह'चा, आणि ग्रीक लिपीत हा 'ह' अक्षराने लिहितच नाहीत. स्वरावर एक बारीक अर्धचंद्र काढतात. त्याची पाठ डावीकडे असेल तर 'ह' म्हणायचा, उजवीकडे असेल तर नाही. 'त्याने त्याला फसवलं' आणि 'त्याने स्वतःला फसवलं' यांच्यात छापील पानावर एवढंच अंतर. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यामुळे गृहपाठात मी अनेक निष्पाप माणसांना स्वतःवरच उलटवलं. पण खरी मौज पुढे आहे. अथेन्सने ख्रिस्तपूर्व ४०३ मध्ये आयोनियन लिपी अधिकृतपणे स्वीकारली, आणि 'ह'साठी असलेलं जुनं अक्षर त्या लिपीत दीर्घ 'ए'साठी वापरलं जात होतं. म्हणजे प्लेटो लिहायला बसला तेव्हा 'ह' दाखवायची सोयच उरली नव्हती. अर्धचंद्र पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांच्या काळात आले. तेव्हा जुन्या ग्रंथातल्या एखाद्या वाक्यात 'त्याला' आहे की 'स्वतःला', हे अनेकदा संपादकाने ठरवलेलं असतं. एक संपादक चंद्राची पाठ इकडे करतो, दुसरा तिकडे, आणि तळटीपेत दोघांची भांडणं जुंपतात. हात उगारला गेलाय हे मूळ लेखकाने सांगून ठेवलं आहे, तो कुणावर पडला ते इतरांनी मिटवावं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ग्रीकचा एक भाग ओळखीचा वाटतो, तो म्हणजे आत्मनेपद. आम्हाला ते 'ते, एते, अन्ते' असं घोकायला लावलं होतं आणि त्या नावात 'आत्मने', म्हणजे 'स्वतःसाठी' आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित 'यजति', आणि ज्याला फळ मिळायचं तो 'यजते'. म्हणूनच तो यजमान. 'आमचे यजमान बाहेर गेलेत' म्हणणाऱ्या आज्या नकळत आत्मनेपदी धातुसाधित वापरत होत्या. ग्रीकमध्ये तेच. लूओ म्हणजे मी कुणाला तरी आंघोळ घालते, लूओमाइ म्हणजे मी आंघोळ करते. आपल्या 'मान'चा तिकडचा भाऊ 'मेनोस'. धुणं, नेसणं, तेल लावणं अशा रोजच्या कामांना ग्रीकांना वेगळं 'स्वतःला' लागत नाही, क्रियापदाच्या शेपटातच ते असतं. फसवणं, कड्यावरून झोकून देणं, मारणं असलं काही आलं की बहुतेक वेळा हेआउतोन स्वतंत्र शब्द म्हणून बाहेर काढावा लागतो. नियमाला अपवाद आहेत, पण माझ्या मनात हे चित्र पक्कं बसलं आहे. आंघोळीच्या वेळी माणूस एक असतो, स्वतःवर हात उगारताना दोन होतात. ग्रीक नाटककार मेनांडरच्या एका सुखान्तिकेचं नाव हेआउतोन तिमोरूमेनोस, स्वतःला शिक्षा करणारा. रोमन नाटककार टेरेन्सने ख्रिस्तपूर्व १६३ मध्ये ती लॅटिनमध्ये आणली पण नाव ग्रीकच ठेवलं. त्यातल्या म्हाताऱ्याच्या कडकपणामुळे मुलगा आशियात सैन्यात निघून गेलाय, आणि बाप आता दिवसभर शेतात राबून स्वतःचे हाल करून घेतोय. शेजारी विचारतो, का? असे बाप आपल्या ओळखीतही आहेत. ते राबतात, पण मुलाला फोन काही करत नाहीत.

'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांच्या कवीकडे, होमरकडे, मात्र हेआउतोन नाही. म्हणजे त्याचे दोन तुकडे आहेत, 'हे' आणि 'आउतोन', अजून न जुळलेले. (तो 'हे' आपल्या 'स्व'चाच सख्खा भाऊ. मूळच्या 'स्व'तला 'स' ग्रीकांच्या तोंडी 'ह' झाला आणि 'व' हवेत विरला.) आणि होमरचा वीर एकटा पडतो तेव्हा 'स्वतःशी' बोलत नाही. 'इलियड'च्या अकराव्या सर्गात सगळे पळून गेलेत, ओडिसिअस एकटा शत्रूच्या घोळक्यात उभा आहे, आणि तो बोलतो आपल्या थूमोसशी. थूमोस म्हणजे छातीतलं ते उसळणारं काहीतरी, मन म्हणा, उर्मी म्हणा. संस्कृत 'धूम' त्याच्याच नात्यातला मानतात, म्हणजे छातीतला धूर. पळालो तर नाचक्की, एकटा सापडलो तर त्याहून वाईट, असं म्हणता म्हणता तो थबकतो, 'पण हे सगळं माझा थूमोस माझ्याशी का बोलतोय?' अरे! आत्ता तर तूच त्याच्याशी बोलत होतास! बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण याची अदलाबदल वाक्याच्या मधेच झाली आणि होमरला त्याचं काहीच वाटत नाही. बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या वेशीबाहेर अकिलिसची वाट पाहत उभा असलेला हेक्टरही अगदी हीच ओळ म्हणतो.

आपल्याला हे परकं वाटू नये. रामदासांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले, आणि आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की आजी ते म्हणायची. मला लहानपणी वाटायचं, 'मना' हा कुणी मुलगा आहे आणि तो फारच वांड असणार, नाहीतर रोज इतकं कोण कशाला सांगेल. 'ओडिसी'च्या विसाव्या सर्गात ओडिसिअस भिकाऱ्याच्या वेशात आपल्याच घराच्या पडवीत पडलाय, दासी खिदळत त्याच्या बायकोला मागणी घालायला आलेल्या उपऱ्यांकडे निघाल्यात, आणि त्याचं काळीज पिल्लांवरून गुरगुरणाऱ्या कुत्रीसारखं आत भुंकायला लागतं. तो छातीवर हात मारतो आणि काळजाला दटावतो, 'सोस. याहून कुत्र्यासारखं सोसलंयस तू.' इथे मला त्या पोस्टातल्या बाई आठवल्या. तिथे काळीज, इथे झेरॉक्स, पण 'तू' तोच.

या दटावण्यावर प्लेटोची बारीक नजर होती. 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात सॉक्रेटिस एका रूढ वाक्प्रचारावर बोट ठेवतो. संयमी माणसाला लोक 'स्वतःपेक्षा बलवान' म्हणायचे. सॉक्रेटिस म्हणतो, हे हास्यास्पद नाही का? जो स्वतःपेक्षा बलवान, तो स्वतःपेक्षा दुबळाही झाला, कारण माणूस तर एकच! मग या विनोदातूनच तो वाट काढतो. आत एकापेक्षा जास्त कुणीतरी असले पाहिजेत, आणि त्यातला चांगला भाग वाईटावर मात करत असला पाहिजे. थोडं पुढे याचेच आत्म्याचे तीन भाग होतात, ज्यावर पुढच्या चोवीस शतकांनी भाष्यं लिहिली. मला हे वाचून हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला, अगदी नाहक. कारण आपल्याकडे हा विनोद झालाच नसता. संस्कृतात 'आत्मन्' हे सरळ नाम आहे, सगळ्या विभक्त्यांत चालणारं. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'उद्धरेदात्मनात्मानम्' म्हणताना तृतीया आणि द्वितीया, आणि पुढे 'आत्मैव ह्यात्मनो बन्धुः' म्हणताना प्रथमा आणि षष्ठी. तो स्वतःचा भाऊही होतो आणि शत्रूही, आणि व्याकरणाला एक ओरखडा पडत नाही. ग्रीकला ते जमत नव्हतं, म्हणून तिथे प्रश्न पडला. कुणाचं बरं झालं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच भागात प्लेटो लेओन्तिओसची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ पिरेउस बंदराकडून उत्तरेच्या तटाबाहेरून अथेन्सकडे येत होता. वाटेत जल्लादापाशी प्रेतं पडलेली. बघावंसं वाटलं, आणि बघावंसं वाटतंय याची किळसही आली. तो तोंड झाकून झगडत राहिला. शेवटी हरला, डोळे टक्क उघडून प्रेतांकडे धावत गेला आणि ओरडला, 'घ्या, हतभाग्यांनो, भरून घ्या हे सुंदर दृश्य!' तो हे डोळ्यांना म्हणाला. एक्स्प्रेस वेवर अपघात झाला की दोन्ही बाजूंच्या गाड्या हळू होतात ना, तसं. मी दरवेळी ठरवते की मान वळवायची नाही, आणि मान वळते. ड्रायव्हर म्हणतो, "बघू नका ताई, रात्री झोप लागत नाही," आणि तोही बघतो. लेओन्तिओसने निदान डोळ्यांना शिव्या तरी दिल्या. आणि ओडिसिअसची ती काळजाला दटावण्याची ओळही प्लेटो याच्या लगेच पुढे पुरावा म्हणून हजर करतो. कवीने दोघांना भांडताना पाहिलंय, तेव्हा आत दोघं असणारच.

आत्मवाचकाचा एक उपयोग व्याकरणात चार ओळींत उरकलेला असतो, आणि मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती तिथेच. हेआउतोनचं अनेकवचन 'एकमेकांना' या अर्थीही चालतं. झेनोफोनने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिल्या, त्यात धाकटा पेरिक्लीस, म्हणजे प्रसिद्ध पुढारी पेरिक्लीसचा मुलगा, अथेन्सच्या लोकांबद्दल कुरकुरतो. हे लोक एकमेकांना त्रास देतात, आणि जगातल्या कुणापेक्षाही जास्त 'स्वतःचा' हेवा करतात. त्रास देताना 'एकमेकांना'चा रीतसर शब्द वापरलाय, हेवा करताना 'स्वतःचा'. लगेच पुढच्या शब्दांत. व्याकरणकार म्हणतात, अर्थ तोच. असेल. पण सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' नाटकात दोन भाऊ सिंहासनासाठी थीब्जच्या वेशीत एकमेकांना मारतात, तेव्हा त्यांची बहीण इस्मेनी त्यांना 'आत्मघात करणारे दोघे' म्हणते. आणि समूह गातो की एका बापाच्या, एका आईच्या पोटी जन्मलेल्या त्या दोघांनी आपले भाले 'स्वतःवर' रोखले. द्विवचनात. भाला पॉलिनाइसीझचा, छाती एटिओक्लीसची, आणि सर्वनाम 'स्वतः'. त्यांचा बाप इडिपस, त्याने नकळत आपल्याच आईशी लग्न केलेलं. ज्या घरात बापच भाऊही आहे त्या घरात 'तो' आणि 'मी' वेगळे काढणार कसे?

हे वाचताना मला कोकणातलं आमचं घर आठवत राहिलं. दोघा काकांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ओटीच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली. भिंत इतकी काटेकोर मापून घातली होती की मधला खांब अर्धा इकडे, अर्धा तिकडे आला. विहीर सामाईक राहिली, फणस सामाईक राहिला आणि अबोला सामाईक राहिला. थोरल्या काकांना पहाटे खोकला लागायचा, तर भिंतीपलीकडून धाकटे काका मोठ्याने म्हणायचे, "झोपू देत नाहीत लेकाचे." आणि त्यांना स्वतःला खोकला लागला की तो हुबेहूब तसाच, तीन उबळी आणि एक लांब श्वास. सुट्टीत आम्ही पोरं माळ्यावरून दोन्हीकडे ये-जा करायचो, कारण भिंत माळ्यापर्यंत पोचली नव्हती. अंधारात खोकला ऐकू आला की तो कुठल्या काकांचा ते आम्हाला ओळखता यायचं नाही. मराठीत या सगळ्याला भाऊबंदकी म्हणतात. कोर्टकचेरीत आयुष्यं गेली तरी शब्दात 'बंधू' शाबूत. कुणाची बाजू बरोबर होती याबद्दल मला आजही मत नाही, आणि नाही याचं थोडं वाईटही वाटतं, कारण वडिलांना होतं.

मार्कस ऑरेलिअसची गोष्ट या सगळ्यापुढे शांत आहे. रोमचा सम्राट, मातृभाषा लॅटिन, पण स्वतःसाठी टिपणं लिहिली ती ग्रीकमध्ये. काही टिपणांखाली जागाही लिहिली आहे, 'कार्नुन्तुम येथे', म्हणजे डॅन्यूबकाठची लष्करी छावणी. झुरिकमध्ये १५५९ साली ती पहिल्यांदा छापली गेली. 'ता एइस हेआउतोन', म्हणजे 'स्वतःला उद्देशून', हे त्यांचं ग्रीक शीर्षक त्याने स्वतः दिलं असं मानायला आधार नाही, पण नेमकं आहे. दुसऱ्या भागाची सुरुवातच अशी की सकाळी उठल्या उठल्या 'स्वतःला' सांगून ठेवावं, आज मला भेटणार आहे लुडबुड्या, कृतघ्न, उद्धट, कपटी, मत्सरी, माणूसघाणा. सोसायटीच्या सभेला जाण्याआधी मी ही यादी वाचते, बरं पडतं. आणि इथे त्याने लिहिलेलं सर्वनाम 'तुला स्वतःला' असं नाही, 'त्याला स्वतःला'वालं आहे. ग्रीकमध्ये हेआउतोन असं सरसकट सगळ्यांना चालतं, जसं आपल्याकडे 'मी आपलं काम करते, तू आपलं काम कर, तो आपलं काम करतो' यात एकच 'आपलं' तिघांना पुरतं.

पण माझा आवडता आहे पाचव्या भागातला पहिला परिच्छेद. पहाट झाली आहे, उठवत नाही. सम्राट स्वतःला बजावतो, 'माणसाच्या कामासाठी उठतोय मी. की पांघरुणात पडून स्वतःला ऊब देत राहण्यासाठी घडवलंय मला?' आणि लगेच उत्तर येतं, 'पण हे जास्त छान वाटतं!' हे कोण बोललं? पांघरुणातूनच बोललं कुणीतरी. मग त्याच्यावर सरबत्ती सुरू होते, झाडं बघ, चिमण्या बघ, मुंग्या बघ, कोळी बघ, मधमाश्या बघ, आपापलं काम करतात की नाही? जरा वेळाने, 'तू स्वतःवर प्रेमच करत नाहीस.' काही ओळींत 'मी', 'मला स्वतःला', 'तू', 'तुला स्वतःला' असा सगळा तक्ता येऊन जातो, आणि सगळे एकाच अंथरुणात. ज्याच्या शब्दावर सैन्य हलायचं त्याचं हे 'पण हे जास्त छान वाटतं' मला सगळ्या उपदेशाहून खरं वाटतं. त्याने ते खोडलं नाही याबद्दल मी त्याची आभारी आहे.

कोऱ्या प्रथमेचा प्रश्न ग्रीकांनाही छळत असावा. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्किबिअदीस' या संवादात (तो प्लेटोचाच का, यावर वाद आहे) सॉक्रेटिस डेल्फीच्या देवळावरचं 'स्वतःला ओळख' हे वाक्य घेऊन बसतो. ओळखायचं, पण काय? शब्दच नाही, म्हणून तो 'आउतो तो आउतो' असं काहीतरी जुळवतो, 'ते स्वतः स्वतः'. बोबडं वाटतं ऐकायला. मग तो उदाहरण देतो डोळ्याचं. डोळ्याला स्वतःला बघायचं असेल तर त्याने दुसऱ्याच्या डोळ्यात बघावं, त्यातही मधल्या काळ्या भागात, कारण तिथे समोरच्याची छोटीशी आकृती दिसते. म्हणून त्या भागाला ग्रीकमध्ये म्हणतात कोरे, म्हणजे मुलगी, बाहुली. आमच्या वर्गातल्या कानडी, गुजराती, तमिळ मंडळींनी आपापल्या भाषेतला शब्द सांगून पाहिला. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "बाहुली." सर त्या दिवशी पहिल्यांदा तक्त्यातून वर बघून म्हणाले, "हो का?"

आजच्या ग्रीकमध्ये म्हणे हा प्रश्नच मिटलाय. 'ओ एआफ्तोस मू', म्हणजे 'माझा स्वतः'. जुनं सर्वनाम आता नाम झालं, त्याला उपपद लागलं, मालक मिळाला आणि प्रथमाही मिळाली. बाई बोलत असली तरी ते नाम पुल्लिंगीच राहतं, यावर वर्गातल्या बायकांनी नाकं मुरडली. अशा सर्वनामांना आजचे ग्रीक 'आफ्तोपाथिस' म्हणतात. त्यातला 'पाथ' म्हणजे सोसणं, वाट्याला येणं. म्हणजे केलेलं ज्याचं त्याच्याच अंगावर येतं ते सर्वनाम. आपल्या 'आत्मवाचक'पेक्षा हे नाव मला चोख वाटतं.

गुरुवारी पुढचा तक्ता आहे, अल्लेलूस, म्हणजे 'एकमेकांना'. 'दुसरा' हा शब्द दोनदा लिहून जोडला की हे सर्वनाम तयार होतं, आपल्या 'एक एक'सारखं. मी पुस्तक उघडून आधीच पाहून ठेवलं. यालाही प्रथमा नाही, आणि शिवाय एकवचनही नाही. वीस वाक्यं गृहपाठाला आहेत, आणि त्यातल्या पहिल्याच वाक्यात दोन भाऊ आहेत.